फिल यंगहजबंडची कारकीर्द शेवटपर्यंत वाचायला हवी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

फातोर्डा येथील नेहरू स्टेडियमवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा पराभूत झाला आणि २०२७च्या आशिया चषकात खेळण्याची आपली आशा संपली. तेव्हापासून फुटबॉलविषयी जिथे म्हणून बोलले जाते तिथे एक मागणी सातत्याने ऐकू येते. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या, आणि आपल्यापुरते बोलायचे तर गोमंतकीय वंशाच्या, खेळाडूंना भारताकडून खेळू द्यावे, अशी ती मागणी आहे. तिच्या पुष्ट्यर्थ फिलिपिन्सचे उदाहरण दिले जाते आणि त्यात फिल यंगहजबंड या आघाडीपटूचे नाव हमखास येते. मला ही मागणी मान्य आहे. परंतु ज्याचे नाव आपण दाखला म्हणून घेतो त्या खेळाडूची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, तर तिच्यातून निघणारा अर्थ या चर्चेत मांडला जातो त्याहून बराच वेगळा आहे आणि तो गोव्याला फार जवळून लागू पडतो, असे माझे मत आहे. म्हणून हे पत्र दीर्घ असले तरी छापावे, अशी विनंती करतो.

फिलचा जन्म ४ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडमधील अ‍ॅशफर्ड येथे झाला. वडील इंग्रज आणि आई फिलिपिनो. तो आणि त्याच्याहून जेमतेम वर्षभराने मोठा असलेला त्याचा भाऊ जेम्स, असे दोघेही लहान वयातच चेल्सी क्लबच्या अकादमीत दाखल झाले. फिलिपिन्सच्या फुटबॉल महासंघाला या भावांचा शोध कसा लागला, याची हकिगत पुष्कळदा सांगितली गेली आहे. संगणकावर फुटबॉल संघाचे व्यवस्थापन करण्याचा जो खेळ तेव्हा लोकप्रिय होता, त्याच्या माहितीसाठ्यात या दोघांच्या नावापुढे फिलिपिन्सचे राष्ट्रीयत्व एका चाहत्याच्या नजरेस पडले आणि ती बातमी महासंघापर्यंत पोहोचली. २००५ साली आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा फिलिपिन्समध्येच भरली होती. त्या वेळी हे भाऊ २३ वर्षांखालील संघातून खेळले आणि पुढच्याच वर्षी फिल वरिष्ठ संघात आला. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, फिलिपिन्सची जागतिक क्रमवारी १९५पर्यंत घसरली होती. बास्केटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या देशात फुटबॉल संघाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

चेल्सीच्या मुख्य संघाकडून मात्र फिलला एकही सामना मिळाला नाही. २००७ साली त्याला डेन्मार्कच्या एस्बियर्ग क्लबकडे काही काळासाठी पाठवण्यात आले, तिथेही त्याचा जम बसला नाही आणि २००८ साली त्याचा चेल्सीशी असलेला संबंध संपला. म्हणजे युरोपच्या मापाने पाहिले तर विशीतच त्याची कारकीर्द थांबल्यासारखी होती. ज्या खेळाडूने पुढे आपल्या देशासाठी १०८ सामन्यांत ५२ गोल केले आणि आजही ज्याचे नाव फिलिपिन्सच्या फुटबॉलबरोबर घेतले जाते, तो युरोपला नको असलेला खेळाडू होता. परदेशातून आपल्याकडे येऊ शकणारे खेळाडू बहुतेक याच जातकुळीचे असणार, हे आपण आधीच मनाशी पक्के केलेले बरे. उत्तम प्रशिक्षण झालेले, पण मोठ्या क्लबांत जागा न मिळालेले तरुण. त्यात कमीपणा मुळीच नाही. गोलकडे पाठ असताना चेंडू कसा घ्यावा, बचावपटूच्या अंगावरून कसे वळावे, पेनल्टी क्षेत्रात कोणत्या क्षणी कुठे उभे राहावे, हे त्यांना दहाव्या वर्षापासून शिकवलेले असते आणि आपल्याकडच्या मुलाला ते अठराव्या वर्षीही कोणी धड सांगितलेले नसते.

आता हनोईच्या सामन्याकडे येतो. ५ डिसेंबर २०१० रोजी आसियान अजिंक्यपदाच्या गटसाखळीत फिलिपिन्सची गाठ व्हिएतनामशी पडली. व्हिएतनाम हा गतविजेता होता, यजमानही होता आणि हनोईचे राष्ट्रीय स्टेडियम प्रेक्षकांनी भरलेले होते. त्या आधी सिंगापूरशी १-१ अशी बरोबरी साधून फिलिपिन्सने थोडे लक्ष वेधून घेतले होते, पण व्हिएतनामला त्याच्याच मैदानावर हरवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी करीत नव्हते. ३८व्या मिनिटाला ख्रिस ग्रेटविचने गोल केला, नंतर जवळजवळ चाळीस मिनिटे गोलरक्षक नील एथरिज आणि त्याच्या पुढचे बचावपटू यांनी यजमानांचे हल्ले परतवून लावले आणि ७९व्या मिनिटाला फिल यंगहजबंडने दुसरा गोल करून सामना निकालात काढला. हाच एथरिज पुढे २०१८ साली कार्डिफ सिटीकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेला पहिला फिलिपिनो ठरला. हनोईच्या त्या विजयाने फिलिपिन्स प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. एका रात्रीत देशाला आपला फुटबॉल संघ माहीत झाला, जाहिराती आल्या, पुरस्कर्ते आले, आणि यंगहजबंड बंधूंचे चेहरे घराघरांत पोहोचले.

आपल्याकडील चर्चा इथे थांबते. पण त्याच स्पर्धेत पुढच्या पंधरवड्यात जे घडले ते हनोईइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. उपांत्य फेरी घरच्या आणि परक्या मैदानावर मिळून दोन सामन्यांची होती. फिलिपिन्सकडे नियमांत बसेल असे स्टेडियमच नसल्यामुळे त्यांना स्वतःच्या घरचा सामनाही जकार्तामध्ये, इंडोनेशियाच्या प्रेक्षकांपुढे खेळावा लागला. दोन्ही सामने ०-१ असे गेले. दोन्ही वेळा गोल करणारा क्रिस्तियान गोन्झालेस हा मूळचा उरुग्वेचा आघाडीपटू होता, ज्याने इंडोनेशियात बरीच वर्षे क्लब फुटबॉल खेळल्यानंतर त्या देशाचे नागरिकत्व घेतले होते. खेळाडू परदेशातून आणता आले, पण मैदान आणता आले नाही, आणि ज्या देशाची साखळी स्पर्धा परक्या खेळाडूला वर्षानुवर्षे नांदवण्याइतकी भक्कम होती, तो देश अंतिम फेरीत गेला. गोव्याच्या वाचकाने हे दोन सामने हनोईच्या शेजारी ठेवून पाहावेत, एवढेच माझे सांगणे आहे.

भारताला फिल यंगहजबंड कोण हे कळले ते मार्च २०१२मध्ये. काठमांडूला एएफसी चॅलेंज चषकात फिलिपिन्सने भारताला २-० असे हरवले आणि दोन्ही गोल फिलचे होते. त्या स्पर्धेत त्याने सर्वाधिक म्हणजे सहा गोल केले आणि फिलिपिन्सला तिसरे स्थान मिळाले. भारत तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. त्या वेळी भारताचे प्रशिक्षक आपल्या गोव्याचे सावियो मेदैरा होते, ज्यांच्या हाताखाली त्याच्या तीनच महिने आधी भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळवले होते. काठमांडूनंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. तेव्हा त्यांच्यावर जी टीका झाली ती मला आजही अन्यायाची वाटते, कारण काठमांडूत दिसलेली उणीव डावपेचांची नव्हती. सुनील छेत्रीच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, पेनल्टी क्षेत्रात विश्वासाने उभा करावा असा दुसरा आघाडीपटू आपल्याकडे नव्हता. तेव्हापासून आजवर ती जागा रिकामीच आहे. निवृत्ती जाहीर केलेल्या छेत्रीला चाळिशीत, मार्च २०२५मध्ये, पुन्हा बोलवावे लागले, याहून अधिक पुरावा कोणता द्यावा?

फिलच्या क्लब कारकिर्दीबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखे तेच आहे. २०११पासून तो मनिलाच्या लोयोला मेराल्को स्पार्क्स या क्लबकडून खेळू लागला. तो क्लब ज्या साखळीत खेळत होता ती नावाने मोठी असली तरी बहुतेक मनिला परिसरापुरती मर्यादित होती. फिलने तिथे पुष्कळ गोल केले. परंतु वयाची तेवीस ते एकोणतीस ही वर्षे, जी आघाडीपटूच्या आयुष्यातली सर्वांत कसदार वर्षे असतात, ती त्याला अशा साखळीत घालवावी लागली, जिथे दर आठवड्याला त्याची कसोटी पाहील असा बचावपटू समोर येत नव्हता. राष्ट्रीय संघासाठी खेळताना मात्र एकदम आशियातल्या बलाढ्य संघांच्या बचावफळीशी गाठ पडायची. २०१७ साली फिलिपिन्समध्ये देशव्यापी साखळी सुरू झाली. त्याचा जुना क्लब नाव बदलून तिच्यात उतरला आणि जानेवारी २०१८मध्ये बंद झाला. फिल त्याआधीच दावाओ अगिलास या नव्या क्लबकडे गेला होता. तो क्लबही २०१८चा हंगाम संपल्यावर बंद पडला. दावाओ हाच त्याचा शेवटचा क्लब ठरला.

हे वाचताना गोव्यातल्या कोणाही फुटबॉलप्रेमीला २०१६ हे वर्ष आठवल्याशिवाय राहणार नाही. पाच वेळा देशाचे विजेतेपद पटकावलेला देम्पो, दोनदा विजेता ठरलेला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा, हे तिन्ही क्लब त्या वर्षी आय-लीग या देशव्यापी साखळीतून बाहेर पडले. भारतीय फुटबॉलची जी नवी रचना आखली जात होती तिच्यात आपल्याला वरच्या पायरीवर स्थान उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स यांची पिढी या क्लबांच्या आधारानेच भारतीय संघापर्यंत पोहोचली होती. सुनील छेत्रीदेखील काही काळ देम्पोचा खेळाडू होता. देम्पो आता पुन्हा राष्ट्रीय पातळीवर उतरला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मधल्या आठ वर्षांत जी मुले सतरा-अठराची होती, त्यांचे ते हंगाम कोणालाही परत देता येणार नाहीत. आणि अस्थिरता अजून संपलेली नाही. २०२४-२५च्या आय-लीगचा विजेता अखेर स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने ठरवला आणि गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सच्या हाती आलेले विजेतेपद गेले. जुलै २०२५मध्ये तर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा हंगामच स्थगित झाला. त्याच अनिश्चिततेत आपला संघ ऑक्टोबरमध्ये सिंगापूरसमोर उभा होता.

फिलच्या कारकिर्दीचा शेवटचा मोठा क्षण २७ मार्च २०१८ रोजी मनिलाच्या रिझाल स्मारक स्टेडियमवर आला. आशिया चषकाची पात्रता मिळवण्यासाठी ताजिकिस्तानशी सामना होता. पाहुण्यांनी आघाडी घेतली, केव्हिन इंग्रेसोने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर फिलने गोल केला. तो त्याचा पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल होता आणि त्या गोलासह फिलिपिन्स इतिहासात पहिल्यांदा आशिया चषकासाठी पात्र ठरला. त्या एका फटक्यामागे बारा वर्षांचे आंतरराष्ट्रीय फुटबॉल उभे होते, हे जाणून ज्यांनी तो पाहिला त्यांना त्याचे मोल सांगायला नको. मात्र जानेवारी २०१९मध्ये अमिरातीत प्रत्यक्ष स्पर्धा झाली तेव्हा फिलिपिन्सने दक्षिण कोरियाशी ०-१, चीनशी ०-३ आणि किर्गिझस्तानशी १-३ असे तिन्ही सामने गमावले. एकमेव गोल श्टेफान श्रोक याचा होता. नोव्हेंबर २०१९मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फिलने निवृत्ती जाहीर केली.

ही कारकीर्द मी अपयशी मानत नाही. उलट तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. आईच्या देशासाठी इतकी वर्षे खेळलेला, साधने नसताना संघाबरोबर टिकून राहिलेला असा खेळाडू कोणत्याही देशाला हवा असेल. माझा आक्षेप आहे तो तिचा अर्धाच भाग सांगण्याला. हनोईत उठलेल्या लाटेवर पुढच्या सात-आठ वर्षांत भक्कम साखळी, मैदाने आणि मुलांच्या स्पर्धा उभ्या राहिल्या असत्या, तर फिलच्या मागोमाग दुसरा आघाडीपटू देशातच तयार झाला असता. विहिरीला झरा नसेल तर टँकरने आणून ओतलेले पाणी किती दिवस पुरणार?

आणि तिथे झरा नव्हता असेही नाही, म्हणून तर खेद अधिक वाटतो. इलोइलो प्रांतातील बारोताक नुएव्हो हे गाव फिलिपिन्सच्या फुटबॉलची पंढरी समजले जाते. हनोईच्या त्याच संघात त्या गावचा एमेलियो कालिगडोंग होता, जो हवाई दलात नोकरी करून फुटबॉल खेळत असे. फेब्रुवारी २०११मध्ये मंगोलियाला २-० असे हरवताना एक गोल त्याचा आणि एक फिलचा होता. गावात वाढलेला आणि लंडनच्या अकादमीत घडलेला, असे दोघे एकाच फळीत खेळत होते आणि संघ तेव्हाच सर्वांत जिवंत वाटत असे. ज्या फुटबॉलपटूने बार्सिलोना क्लबसाठी केलेल्या गोलांचा विक्रम १९२७पासून थेट मार्च २०१४पर्यंत, लिओनेल मेस्सीने मोडेपर्यंत, अबाधित राहिला, तो पॉलिनो अल्कान्तारादेखील १८९६ साली याच इलोइलोत जन्मला होता. असा वारसा असलेल्या प्रांतातील मुलांना पुरेशी साखळी मिळू नये, आणि साष्टी-बार्देशच्या मुलांनाही ती मिळू नये, यातले साम्य मला अस्वस्थ करते. मेलबर्नच्या १९५६च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा बार्देशातल्या आसगावचा. ब्रुनो कुतिन्हो आपल्या डोळ्यांदेखत साळगावकरकडून खेळला आणि भारताचा कर्णधार झाला. आघाडीपटू घडवणे गोव्याला ठाऊकच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

फातोर्ड्यावर ज्याने आपल्याला हरवले, त्याच्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्याचे नाव घेऊनच ही चर्चा सुरू झाली. लालियानझुआला छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिल्यानंतर सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंगने केले. तो दक्षिण कोरियात जन्मला आहे. पण तो सिंगापूरच्या कोणा आजी-आजोबांचा नातू म्हणून शोधून आणलेला खेळाडू नव्हे. २०१२ साली किशोरवयातच तो सिंगापूरला आला, तिथल्या होम युनायटेड क्लबमध्ये वाढला, तिथल्या साखळीत वर्षानुवर्षे खेळला आणि २०२१ साली त्याला नागरिकत्व मिळाले. आपल्याकडचे अनुभवही हेच सांगतात. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी भारतीय क्लबांतून बरीच वर्षे खेळल्यानंतर जपानचे नागरिकत्व सोडून २०१३मध्ये भारताकडून खेळला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने बंगळुरू एफसीकडून खेळत असतानाच २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा स्वीकारला. दोघेही आधी इथल्या क्लबमध्ये आले आणि पासपोर्टचा प्रश्न नंतर आला. क्लबच नसता तर तो प्रश्न उद्भवलाच नसता.

कायद्याचा मुद्दा गोव्याच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. फिलिपिन्सच्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक फिलिपिनो नागरिक असल्यास मूल जन्मतःच नागरिक ठरते आणि दुसऱ्या देशात जन्मल्यामुळे मिळालेले नागरिकत्व त्याच्या आड येत नाही. फिलला इंग्लंडचा पासपोर्ट सोडावा लागला नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वाला मुभा नाही आणि २००८पासून केंद्र सरकारचे धोरण असे आहे की भारताचा पासपोर्ट असलेल्यालाच भारताकडून खेळता येते, परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड त्यासाठी पुरत नाही. इंग्लंडमध्ये दीर्घ काळ खेळलेल्या मायकल चोप्राची इच्छा याच नियमामुळे अपुरी राहिली. गोव्यात १९ डिसेंबर १९६१पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येत असल्याने आपल्या हजारो कुटुंबांनी ते घेतले, आणि ते घेताच त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. स्विंडन, लंडन, लिस्बन येथे वाढणारी त्यांची मुले फुटबॉल खेळतातच. त्यांच्यापैकी एखाद्याला भारताकडून खेळायचे असेल तर त्याने काय करावे? ओसीआय कार्ड पाच वर्षे जवळ असलेल्या व्यक्तीला, अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करून, नागरिकत्वासाठी नोंदणी करता येते. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने युरोपातला क्लब सोडावा, वर्षभर इथे राहावे आणि ज्या पासपोर्टवर त्याला सबंध युरोपात काम मिळू शकते तो परत करावा. इतके मागताना त्याला इथे खेळायला काय मिळणार आहे, याचे उत्तर आपल्याजवळ हवे. आज ते नाही.

कायदा बदलावा की नाही, हा संसदेचा विषय आहे आणि केवळ फुटबॉलसाठी तो बदलेल असे मला वाटत नाही. मात्र गोव्याचे खासदार एवढे नक्की करू शकतात की अशा खेळाडूंचे नोंदणीचे अर्ज ठराविक मुदतीत निकाली निघावेत आणि बारा महिन्यांच्या वास्तव्यात राष्ट्रीय शिबिरे वा परदेशातील सामने यांमुळे खंड पडला असे मानले जाऊ नये, यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा.

जे आपल्या हातात आहे त्याबद्दल मात्र सबब सांगता येणार नाही. गोव्याच्या क्लबांनी गेली पंचवीस वर्षे मधल्या आघाडीपटूची जागा बहुतेक परदेशी खेळाडूंना दिली. देम्पोकडून रँटी मार्टिन्स, चर्चिलकडून ओडाफा ओकोली, एफसी गोवाकडून फेरान कोरोमिनास आणि इगोर अँगुलो, ही सगळी नावे आपण टाळ्या वाजवून डोक्यावर घेतली आणि त्यांचा खेळ त्या योग्यतेचा होताच. परंतु त्याचा परिणाम असा झाला की गोव्यातला जो मुलगा गावच्या मैदानावर, शाळेच्या संघात, वयोगटाच्या स्पर्धांत भरपूर गोल करतो, त्याला वरच्या पातळीवर गेल्यावर बगलेला किंवा मधल्या फळीत सरकवले जाते. गोल करण्याची सवय ही दर आठवड्याला गोलसमोर उभे राहूनच टिकते आणि दोन-तीन हंगाम ती जागा सुटली की गेली. सिंगापूरच्या सामन्यानंतर आठच दिवसांनी, २२ ऑक्टोबर रोजी, त्याच फातोर्ड्यावर आपल्या ब्रायसन फर्नांडिसने सौदी अरेबियाच्या बलाढ्य अल-नासरविरुद्ध गोल केला. एफसी गोवा तो सामना १-२ असा हरला खरा, पण जागा आणि विश्वास मिळाला तर आपला मुलगा आशियातल्या श्रीमंत क्लबविरुद्धही गोल करू शकतो, हे स्टेडियममधल्या सर्वांनी पाहिले.

२०१२ साली गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. त्या घोषणेला अनुसरून राज्य सरकार, गोवा फुटबॉल असोसिएशन आणि क्लब यांनी एकत्र बसून काही गोष्टी लवकर ठरवाव्यात, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. गोव्याच्या प्रो लीगचे वेळापत्रक हंगामाच्या आधी जाहीर व्हावे आणि कोणत्याही कारणाने मध्येच खंडित होऊ नये. फातोर्ड्याखेरीज पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, केपे, काणकोण या तालुक्यांत किमान एक तरी मैदान असे असावे, जिथे पावसाळ्यातही वयोगटाचे सामने नियमित खेळता येतील. तिथली मुले आजही चांगल्या प्रशिक्षणासाठी इतर तालुक्यांकडे पाहतात आणि त्यांच्या पालकांना रोजचा प्रवास परवडत नाही. प्रो लीगमधील प्रत्येक संघाने एकवीस वर्षांखालील एका स्थानिक आघाडीपटूला हंगामात ठराविक मिनिटे मैदानावर ठेवलेच पाहिजे, असा नियम करण्याचा विचार व्हावा. जुन्या आघाडीपटूंना, ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारख्यांना, केवळ गोल करण्याचे तंत्र शिकवण्यासाठी तालुक्या-तालुक्यांत बोलवावे. आणि परदेशातील गोमंतकीय कुटुंबांतल्या सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी त्यांच्या उन्हाळी सुट्टीत इथे चाचणी शिबिर भरवावे, त्यातून निवडलेल्यांना प्रो लीगच्या क्लबांत परदेशी कोट्याबाहेर नोंदवून घ्यावे. मुलगा आधी म्हापसा, मडगाव, वास्कोच्या मैदानावर एक हंगाम खेळू द्या. त्याला हे फुटबॉल, ही माणसे, हा उकाडा आणि हा चिखल आपला वाटला, तर पासपोर्टचा निर्णय तो आणि त्याचे आईवडील समजून-उमजून घेतील.

या शिबिराचा खर्च फार नाही. अनिवासी गोमंतकीयांसाठी राज्य सरकारची स्वतंत्र यंत्रणा आहे आणि परदेशातील गोमंतकीयांच्या संस्थाही अशा कामाला हातभार लावतील, असा मला विश्वास आहे. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये पहिले शिबिर भरवायचे असेल तर क्लबांची संमती आणि मैदानांची उपलब्धता यांची पाहणी आतापासूनच सुरू करावी लागेल. क्रीडामंत्र्यांनी याविषयी आपली भूमिका आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावी, अशी माझी विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
फोंडा, गोवा